शंभरपैकी अडतीस

"कुदळेबाई, हे कुणाचे उद्योग आहेत ते मला कळलं पाहिजे," असं म्हणून ढमढेरे साहेबांनी पिन मारलेली बारा पानं माझ्या टेबलावर आपटली.

पानं ओळखीची होती. शाळांच्या पुनर्रचनेच्या विधेयकाचा तो मसुदा होता आणि गेला महिनाभर आमच्या कक्षात त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा बंद करायच्या, तिथली मुलं जवळच्या मोठ्या समूह शाळेत न्यायची आणि शिक्षक दुसरीकडे सामावून घ्यायचे, असा त्याचा थोडक्यात अर्थ. मसुदा सगळ्या शाळांना पाठवून हरकती मागवल्या होत्या. आलेली पाकिटं फोडायची, हरकत नोंदवहीत चढवायची, क्रमांक टाकायचा, हे काम माझ्याकडे होतं. नोकरीला लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि साहेबांनी नुसतं खाकरलं तरी मी उभी राहत असे.

या बारा पानांवर मात्र लाल शाई होती. कुणीतरी अख्खं विधेयक उत्तरपत्रिकेसारखं तपासून परत पाठवलं होतं.

पहिल्या पानावर समासात लिहिलं होतं, 'सुरुवात चांगली.' कलम चारपाशी, 'मोघम. उदाहरण द्या.' कलम सहाच्या खाली, 'एका वाक्यात किती मुद्दे? वाचताना दम लागतो.' अतिरिक्त शिक्षकांना यथावकाश सामावून घेण्यात येईल, असं कलम नऊ म्हणत होतं. तिथे 'यथावकाश'भोवती गोल काढून 'तारीख घाला' असं बजावलं होतं. समूह शाळा वस्तीपासून तीन किलोमीटरच्या आत असावी आणि ते अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजावं, असं सांगणाऱ्या कलम अकराखाली दोन जाड रेघा होत्या. समासात प्रश्न होता, 'कोणत्या वाटेने? स्वतः चालून पाहिले का?'

शेवटच्या पानावर तळाशी निकाल होता. 'शंभरपैकी अडतीस. टंकलेखन स्वच्छ. काम घाईत केलेले दिसते. पालकांची सही आणावी.' त्याखाली तिरकी आद्याक्षरं आणि तारीख. नाव नाही, पत्ता नाही.

मला हसू फुटलं. साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते खोकल्यात जिरवलं.

"पालकांची सही!" साहेब म्हणाले. "पालक कोण? मंत्रिमहोदय?"

"साहेब, नाव-पत्ता नाही यावर. निनावी गठ्ठ्यात टाकते."

तसा नियमच होता. ज्या हरकतीवर नाव, पत्ता आणि सही नाही, तिला क्रमांक मिळत नसे. ती विचारात घेतली जात नसे. अशा कागदांचा एक गठ्ठा कपाटावर वाढत चालला होता आणि तो कुणीही सोडणार नव्हतं.

"नियम मला शिकवू नका. ही हरकत नाही, टवाळी आहे. लिहिणारा शिक्षक आहे हे शेंबडं पोरही सांगेल. सरकारी नोकरानं सरकारच्या धोरणाची अशी चेष्टा करायची? वर्तणूक नियम कशाला आहेत? तुम्ही नाव काढा. कारणे दाखवा नोटीस मी काढतो."

साहेब वाईट माणूस नव्हते. पण मसुद्याचं पहिलं टिपण त्यांनी स्वतः लिहिलं होतं, आठ महिने घरी फाइली नेऊन. अडतीस गुण त्यांना फार झोंबले होते.

पाकिटावरचा टपालाचा शिक्का वाचता येत होता. धरणाकाठच्या एका मोठ्या गावाचा होता तो. त्या टपाल कचेरीखाली अकरा शाळा येत होत्या. अक्षर ओळखण्यात माझा हात कुणी धरला नसता, म्हणून साहेबांनी मलाच पाठवलं. वर 'पटपडताळणी' असं कारण लावून दिलं.

गुरुवार-शुक्रवारी मी पाच शाळा पाहिल्या. गुरुजी लोक चहा पाजत होते, मी हळूच फळ्याकडे बघत होते आणि अक्षर काही जुळत नव्हतं. शनिवारी सकाळी त्या मोठ्या गावातून लाँचनं पलीकडच्या कातळवाडीला गेले. पंधरा मिनिटांत लाँच लागली. काठावरच कौलारू शाळा होती, दोन खोल्यांची. पट तेरा.

बाई वर्ग घेत होत्या. बुटक्या, काटक, साधं सुती पाचवारी पातळ, पदर खोचलेला. अनसूया शेडगे असं त्यांचं नाव. दुसऱ्या शिक्षकाची जागा तीन वर्षं रिकामी होती, त्यामुळे मुख्याध्यापक, शिक्षक आणि शिपाई त्या एकट्याच होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "एवढी बेरीज होऊ द्या. मग तुमचं बघू."

शेजारी एक मुलगी मांडी घालून बसली होती. तिची वही उघडी होती. मी सहज वाकून पाहिलं. निबंधाखाली लाल शाईत शेरा होता, 'काम घाईत केलेले दिसते.'

तीच वळणं आणि तीच तिरकी आद्याक्षरं. सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मी ती वही हळूच मिटून ठेवली.

मुलं पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा मी पिशवीतून बारा पानं काढून टेबलावर ठेवली.

"मीच तपासलंय," बाई म्हणाल्या. "का? गुण कमी पडले का?"

"बाई, तुम्हाला गंमत वाटतेय. साहेब नोटीस काढायच्या तयारीत आहेत."

"मला कशाची गंमत? तीन रात्री बसून तपासलं. हरकत कळवा म्हणून कागद आला. आता हरकत कशी लिहितात मला काय ठाऊक? मला येतं ते तपासायला. म्हणून तपासलं."

"मग नाव का नाही घातलं? घाबरून?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाढा चुकले होते.

"तपासणारा नाव घालतो होय? केंद्रपरीक्षेचे पेपर आम्ही एकमेकांच्या शाळांचे तपासतो. नाव घालायचं नसतं. नाव कळलं की आईबाप दारात येतात, गुण वाढवा म्हणून. एकतीस वर्षांची सवय. हाताला ठाऊक नाही दुसरं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या बाईनं काही लपवलेलंच नव्हतं. मी खुर्ची जवळ ओढली आणि खरं काय ते सांगून टाकलं.

"हे पाहा बाई. यावर नाव नाही, म्हणून हे मोजलं जाणार नाही. कपाटावर धूळ खात पडेल. पण तुम्हाला काही होणार नाही. मी परत जाऊन सांगते, पत्ता लागला नाही. दुसरं म्हणजे तुम्ही खाली नाव, पत्ता घालून सही करायची. मग याला क्रमांक मिळेल, समितीपुढे हे जाईल. पण नोटीस येईल. चौकशी लागेल. तुम्हाला रिटायर व्हायला किती अवधी आहे?"

"आठ महिने."

"चौकशी चालू असली की पेन्शन अडकते. माझे वडील हायस्कुलात कारकून होते. एका फालतू चौकशीपायी त्यांची चार वर्षं अडकली. निर्दोष सुटले, पण तोवर आईचे दागिने गेले होते नि त्यांचा हात थरथरायला लागला होता. मी डोळ्यांनी पाहिलंय."

त्यांच्या घरी कोण आहे ते मी विचारलं. नवरा अंथरुणाला खिळलेला होता. मुलगा नव्हता, एक मुलगी लग्न होऊन लांब दिलेली.

"मग तर काही विचारच करू नका," मी म्हटलं. "आणि खरं सांगू का? समूह शाळा तशी जवळच आहे. मी आत्ता पंधरा मिनिटांत आले."

"कशानं आलात?"

"लाँचनं."

"आज वार कुठला?"

"शनिवार."

"पलीकडं शनिवारचा बाजार असतो. लाँच शनिवारीच येते. बाकीचे सहा दिवस काय करायचं?" बाईंनी दारातून हात केला. समोर धरणाचं पाणी पसरलं होतं आणि पलीकडच्या काठावर पांढरी दुमजली इमारत दिसत होती. "ती बघा तुमची समूह शाळा. वारा इकडचा असला की तिची घंटा ऐकू येते आम्हाला. नकाशावर किती आहे?"

"दोन किलोमीटर नऊशे मीटर."

"अकरा वाजता शाळा सुटेल. चपला बऱ्या आहेत ना?"

अकरा वाजता आम्ही निघालो. वहीतली ती मुलगी, सोनल कोकरे, तिसरीतली, आमच्याबरोबर होती, कारण तिचं घर त्याच वाटेवर होतं. पाण्याला वळसा घालून जायचं म्हणजे आधी डोंगराच्या अंगानं वर चढायचं, मग ओढ्यात उतरायचं, परत चढायचं. पाऊलवाट होती. तिच्यावरून बस जाणं सोडाच, सायकलही गेली नसती. सोनल पुढे उड्या मारत चालली होती आणि मी दर वळणावर थांबत होते.

"मॅडम दमल्या," सोनल बाईंना म्हणाली.

"शहरातल्या हायत्या. हळू चल."

"मॅडम, तुमी आमची शाळा बंद करायला आलाय व्हय?"

"नाही गं. मी नुसतं बघायला आलेय," मी म्हटलं.

"बघून काय करनार?"

मी चपलेतला खडा काढायला वाकले. बाईही मला वाचवायला पुढे आल्या नाहीत. पाऊण तासानं सोनलचं घर आलं. तिच्या वडलांनी, केरबांनी, आम्हाला ताक दिलं. बाई आल्या म्हणून तो माणूस अंगणात उभाच राहिला, बसा म्हटलं तरी बसला नाही. निघताना म्हणाला, "बाई, सरकारला कळवलंत न्हवं?"

"कळवलं," बाई म्हणाल्या.

केरबानं मान हलवली. त्याला तेवढं पुरलं. मला मात्र तिथून पुढे चालताना अवघड झालं, कारण सरकारला काही कळलेलं नव्हतं. बाईंचं कळवणं माझ्या पिशवीत होतं.

पांढऱ्या इमारतीच्या पायऱ्यांवर आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. शाळा सुटून सगळं शांत झालं होतं. समोर पाण्यापलीकडे कातळवाडीची कौलं अगदी हाताशी दिसत होती. मी पायरीवर बसून चपला काढल्या आणि फोडांकडे बघत बसले. वाडीतून रोज जाऊन येऊन साडेपाच तास, सोनलच्या घरून चार, आणि सोनल आठ वर्षांची. मला रडू यायला लागलं, ते थकव्यानं की कशानं हे आजही सांगता यायचं नाही.

"काढ पानं," बाई म्हणाल्या. वाटेत कुठेतरी त्या मला अगंतुगं करायला लागल्या होत्या.

"बाई, नीट विचार करा."

"चालताना तोच करत होते. मला वाटलं होतं, तपासून दिलं की काम झालं. वाचणाऱ्याला कळेल. तू म्हणतेस मोजतच नाहीत, तर मग काय उपयोग?" त्यांनी लाल पेन पिशवीत ठेवलं आणि माझ्याकडून निळं मागून घेतलं. "सही निळ्या शाईनं करायची असते. एवढं ठाऊक आहे मला."

बाराव्या पानावर, अडतीस गुणांच्या खाली, त्यांनी सावकाश लिहिलं. अनसूया ज्ञानू शेडगे, मुख्याध्यापिका, प्राथमिक शाळा, कातळवाडी. त्याखाली सही. मग पानं माझ्या हातात दिली.

"आता मोजा म्हणावं. आणि तुझ्या साहेबाला सांग, नोटीस टपालानं धाडू नको. आमच्याकडं टपाल आठवड्यानं येतं. निरोप दे, मी स्वतः येईन घ्यायला."

चार वाजता बाजारातली माणसं लाँचमध्ये चढली, त्यांच्याबरोबर बाई गेल्या. मी एसटीत बसले.

त्या एसटीत मी जे ठरवलं, त्याचा मला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता. म्हणून ते जसं घडलं तसंच सांगते. मला सारखे वडील दिसत होते, पेन्शनच्या कचेरीच्या बाकावर बसलेले. बाईंचा आजारी नवरा मी पाहिलाही नव्हता, पण तोही दिसत होता. मी मनाशी म्हटलं, या बाईला कळत नाही आपण काय ओढवून घेतोय. आपल्याला कळतंय. एका हरकतीनं विधेयक थोडंच थांबणार आहे? पेन्शन मात्र नक्की अडकणार. कुणीतरी शहाणपणानं वागायला हवं. पुण्यात उतरायच्या आधी मी पिन उचकटून बारावं पान काढलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवलं.

सोमवारी साहेबांना सांगितलं, पत्ता लागला नाही.

"आणि शेवटचं पान?"

"प्रवासात कुठं पडलं की काय, साहेब."

मला वाटलं आता खरडपट्टी निघणार. पण साहेबांचा राग चार दिवसांत निवला होता, आणि त्या अडतीस गुणांचं पान हरवलं याचं त्यांना दुःख असायचं काही कारण नव्हतं. "बरं झालं," ते म्हणाले. "टाका निनावीत." उरलेली अकरा पानं कपाटावर गेली.

पंधरा दिवसांनी माझ्या नावावर एक पोस्टकार्ड आलं. 'माझी हरकत पोचली का? क्रमांक कळवावा. नोटिशीची वाट पाहत आहे.' मी उत्तर लिहिलं, 'पोचली. काळजी नसावी.' क्रमांकाचं काही लिहिलं नाही. परत पत्र आलं नाही.

विधेयक मंजूर झालं. कलम अकरामधली सरळ रेषा तशीच राहिली. शेडगे बाई आठ महिन्यांनी सुखरूप रिटायर झाल्या, वेळेवर पेन्शन सुरू झाल्याचं मी मुद्दाम एका ओळखीच्या कारकुनाकडून काढून घेतलं. त्या दिवशी मी घरी शिरा केला. लग्न झाल्यावर नवऱ्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, पुण्य केलंस. मलाही तसंच वाटत होतं. बारावं पान मी ऑफिसच्या खणात, तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखाली ठेवून दिलं होतं. ते फाडून का टाकलं नाही, याचा विचार मी कधी केला नाही.

आठ वर्षं गेली. ढमढेरे साहेब रिटायर झाले. मी कक्षाची माहिती अधिकारी झाले, म्हणजे माहितीच्या अधिकारात येणाऱ्या अर्जांना तीस दिवसांत खरं उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आलं. एका सकाळी टपालात एक अर्ज होता, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात. खालचं नाव वाचायच्या आधीच मला अक्षर कळलं.

'१. शाळा पुनर्रचना विधेयकावर मी सहीनिशी दिलेल्या हरकतीचा नोंदवही क्रमांक काय? २. ती समितीपुढे ठेवली गेली काय? ३. नसल्यास, ती कोणी व का वगळली?'

तिसऱ्या प्रश्नाखाली दोन रेघा होत्या.

मी अर्ज तीन दिवस खणात ठेवला. 'अभिलेख उपलब्ध नाही' असं एका ओळीत उत्तर देता आलं असतं. तसं उत्तर आमच्याकडे रोज दिलं जातं आणि कुणी काही विचारत नाही. चौथ्या दिवशी बाईच आल्या. वाकल्या होत्या, हातात काठी होती, पण पदर तसाच खोचलेला. मी उठून खुर्ची दिली.

"ओळखलंस का?"

"ओळखलं, बाई. पण आता, इतक्या वर्षांनी हे का?"

"आधी मला वाटलं, नोटीस येईल. आली नाही. मग वाटलं, साहेब मनानं मोठा निघाला, वाचून सोडून दिलं. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं." बाई थांबल्या, धाप लागली होती. "तेरा पोरं. पैलतीरावर दिवाळीपर्यंत टिकली चार. सोनल सगळ्यांत चिवट. ती शिमग्यापर्यंत गेली. मग पाय मुरगळला नि राहिली घरी, ती राहिलीच."

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"हरकत मोजली असती म्हणून शाळा राहिली असती, असं नाही हं. एवढी खुळी मी नाही. पण वाडीत मी सांगितलं होतं ना, सही केलीय म्हणून. आणि माझ्या केसालाही धक्का लागला नाही. पेन्शन पहिल्या महिन्यापासून सुरू. लोक काय आंधळे आहेत? सही केली असती तर असं झालं असतं का? ते म्हणाले, बाईंनी पेन्शनसाठी कागद दाबला. तोंडावर नाही म्हणाले. केरबा मला बघून अंगणात उभा राहायचा, तो आता वाटेत भेटला तर बांधावर उतरून जातो. आठ वर्षं झाली. मालक गेले, तेव्हा वाडीतून खांद्याला दोनच माणसं आली."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. मी खण उघडला, वर्तमानपत्र उचललं आणि चार घड्यांचं पान टेबलावर ठेवलं.

बाईंनी ते उलगडलं. अडतीस गुण पाहिले, खालची आपली सही पाहिली. बराच वेळ त्या वर बघेनात.

"तू काढून ठेवलंस?"

"हो."

"साहेबांनी सांगितलं होतं?"

"नाही. मीच. तुमच्या पेन्शनसाठी. मला वाटलं, तुम्हाला वाचवतेय."

"तुला मी सांगितलं होतं का, मला वाचव म्हणून?"

"नाही."

"आम्हाला विचारलं होतं का त्या मसुदा लिहिणाऱ्यांनी तरी," असं काहीतरी त्या पुटपुटल्या. त्या रागावल्या असत्या, चार शिव्या हासडल्या असत्या, तर मला सोसलं असतं. आठ वर्षं ज्याला मी पुण्य म्हणत होते, ते मी आता त्यांच्या चेहऱ्यावर पाहत होते. मसुदा लिहिणाऱ्यांनी सोनलची वाट न चालता तिचं भलं ठरवलं होतं. मी तर वाट चालून आले होते, माझे फोड महिनाभर बरे झाले नव्हते, आणि तरी मी तेच केलं.

मी कोरा कागद ओढला. टाइप करायला कुणाला दिला नाही. बाईंच्या समोरच हातानं लिहिलं, की अर्जदारांची सहीनिशी हरकत अमुक तारखेला माझ्या हाती मिळाली होती. ती नोंदवहीत चढवली नाही. तिचं शेवटचं पान मी स्वतः काढून ठेवलं, वरिष्ठांना खोटं सांगितलं. अर्जदारांनी हरकत मागे घेतली नव्हती, दाबली नव्हती, आणि नोटीस घ्यायला त्या तयार होत्या. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा, निळ्या शाईत सही. एक प्रत बाईंना, एक प्रत नियमाप्रमाणे वरिष्ठांना.

बाईंनी चष्मा लावून कागद ओळ न् ओळ वाचला. दोनदा वाचला.

"वरिष्ठांना पण धाडणार?"

"हो."

"तुझी किती वर्षं राहिलीत अजून?"

"चोवीस."

त्यांनी मान हलवली. मला नको म्हणाल्या नाहीत, कर म्हणाल्या नाहीत. मी काय केलं ते माझं मला ठरवू दिलं. मग बारावं पान माझ्यापुढे सरकवलं.

"याच्यावर शिक्का मार."

"बाई, विधेयकाचा कायदा होऊन आठ वर्षं झाली. आता याचा—"

"मार. मला क्रमांक हवाय."

मी आवकचा शिक्का घेतला, त्या दिवसाची तारीख फिरवली आणि अडतीस गुणांच्या शेजारी उमटवला. आवक नोंदवहीत ओळ लिहिली. अनसूया ज्ञानू शेडगे, कातळवाडी, हरकत. क्रमांक चारशे सतरा. पानाची छायाप्रत काढून, खरी प्रत म्हणून सही करून त्यांना दिली.

"चारशे सतरा," बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, ती पिशवी कापडी पिशवीत घातली आणि काठी घेऊन उठल्या. "परवा शनिवार आहे. लाँचला सगळी वाडी असते. तिथंच वाचून दाखवते."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी माफी मागितली ती त्यांनी ऐकली की नाही, हे रिक्षाच्या आवाजात मला कळलं नाही.

तीन आठवड्यांनी दुपारी शिपाई सांगत आला, "मॅडम, आस्थापनेत तुमच्या नावाची नोटीस निघालीय. संध्याकाळच्या टपालात टाकतील, उद्या मिळेल टेबलावर."

"थांबव त्यांना," मी म्हटलं आणि चपला घातल्या. "मी स्वतः येते घ्यायला."